सुरतेचा वड, ॲम्स्टरडॅमचा तांब्याचा पत्रा

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत एक जुनं चित्र सापडलं. मोठं वडाचं झाड, त्याखाली उघडेवाघडे साधू. कुणी हात वर करून बसलाय, कुणी दोरीवर रेललाय. आकृत्यांना आकडे दिलेत, खाली फ्रेंच मजकूर आहे आणि कोपऱ्यात 'पिकार' असं काहीतरी वाचता येतं. आजोबांनी ते साठच्या दशकात मुंबईच्या चोरबाजारातून आणलं, असं आई सांगते. एका ओळखीच्यांनी 'हे ओरिएंटलिस्ट (पाश्चात्त्यांच्या नजरेतल्या पूर्वेचं) प्रिंट आहे, आपली टिंगल करायला काढलेलं' असं सांगितलं. दुसरे म्हणाले, लाखो रुपये येतील. खरं काय? मधल्या घडीवर चिकटपट्टी लावलेली आहे, ती काढू का? बहीण जर्मनीत असते, ती 'मी नेते' म्हणते. फोटो पाठवले आहेत.

उत्तर :

आधी चिकटपट्टीचं बोलू, कारण बाकीचं सगळं थांबू शकतं. तिला हात लावू नका. तीसचाळीस वर्षं जुनी पट्टी ओढली की तिच्याबरोबर कागदाचा पापुद्रा निघतो आणि नेमकी छापलेली रेघ जाते. हेअर ड्रायर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर हे आंतरजालावरचे उपाय तर अजिबात नकोत. पट्टीचा गोंद कागदात मुरून पिवळा पडलाय, तो कागद-संवर्धन करणाऱ्या माणसानेच काढायचा. आणि कुणी 'लॅमिनेट करून घ्या' म्हणालं, तर चहा पाजून निरोप द्या.

आता चित्र. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत खालचं शीर्षक नीट वाचता येतं : 'दिव्हेर्स पागोद ए पेनितांस दे फाकिर', म्हणजे 'निरनिराळी देवळं आणि फकिरांची तपं'. करणारा बर्नार पिकार. पॅरिसमध्ये १६७३ साली जन्मला, ॲम्स्टरडॅममध्ये १७३३ साली वारला. बाप एत्येन पिकारही कोरीवकाम करणारा, त्यामुळे हत्यारं घरातच होती. पॅरिसमध्ये नाव झाल्यावर पिकार प्रॉटेस्टंट पंथाकडे वळला. चौदाव्या लुईने १६८५ साली प्रॉटेस्टंटांना दिलेलं संरक्षण काढून घेतलेलं असल्यामुळे फ्रान्समध्ये तसं उघडपणे जगणं शक्य नव्हतं. १७१० साली तो हॉलंडला गेला आणि पुढे ॲम्स्टरडॅममध्ये स्थायिक झाला. तिथे त्याला झां फ्रेदेरिक बेर्नार हा प्रकाशक भेटला, तोही असाच फ्रान्समधून आलेला निर्वासित. दोघांनी मिळून जगातल्या सगळ्या लोकांच्या धार्मिक विधी आणि रूढींवरचा एक प्रचंड ग्रंथ काढला. १७२३ ते १७३७ या काळात त्याचे मोठ्या आकाराचे सात खंड निघाले, चित्रं अडीचशेच्या आसपास. तुमचं पान त्या ग्रंथातल्या भारतावरच्या भागाचं आहे. म्हणजे हे कधीच सुटं विकायचं चित्र नव्हतं. कुणीतरी पुस्तक फोडून पानं वेगवेगळी विकली, आणि त्यातलं एक फिरत फिरत चोरबाजारात पोचलं. आमच्या धंद्यातली ही जुनी पापं आहेत. अख्ख्या पुस्तकाला गिऱ्हाईक एक मिळतं, फोडलेल्याला दोनशे.

मूळ आहे का, हे फोटोवरून शंभर टक्के कुणीही सांगू नये. पण काय पाहायचं ते सांगतो, तुम्ही घरी पाहू शकता.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळजीकडे असतं तसलं चालेल. झाडाच्या सावलीचा भाग पाहा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते अलीकडचं छपाईयंत्रातून निघालेलं पुनर्मुद्रण, विषय संपला. नुसत्या रेघाच रेघा दिसल्या तर पुढे चला. या चित्रात दोन तऱ्हेच्या रेघा सापडायला हव्यात. एक एचिंगची : तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने ओढायचं, मग तेजाबात बुडवायचं. तेजाबाने खाल्लेली ही रेघ टोकाला बोथट असते आणि जरा मोकळी, हाताने लिहिल्यासारखी वाटते. दुसरी एनग्रेव्हिंगची : टोकदार पोलादी कोरणीने तांबं थेट उकरायचं. ती सुरुवातीला बारीक, मधे फुगलेली आणि पुन्हा सुईच्या टोकासारखी निमुळती होते. पिकारच्या कारखान्यात बहुतेक वेळा आधी एचिंगने चित्र बसवून घेत आणि मग कोरणीने सावल्या गडद करत.

मग टॉर्च टेबलाच्या पातळीवर आडवी धरा. खाचेतली शाई ओल्या कागदाने शोषून घेतलेली असते, त्यामुळे गडद जागी ती किंचित उंचावलेली दिसते, बोटालाही कळते (बोट लावू नका, माझ्यावर विश्वास ठेवा). चित्राच्या चौफेर एक दबलेली चौकट हवी, रुळांच्या दाबाने पत्र्याची कड कागदात रुतल्याची. तुमच्या फोटोत ती डावीकडे आणि खाली स्पष्ट आहे. उजवीकडे नाही, कारण कुणीतरी तो समास कापलाय. फ्रेमवाल्यांची ही आवडती सवय : फ्रेम लहान पडली की चित्र छाटायचं.

शेवटी कागद खिडकीसमोर धरा. बारीक रेघांची दाट जाळी आणि तिला छेदणाऱ्या, बोटा-दीडबोटाच्या अंतरावरच्या ठळक रेघा दिसल्या तर तो चाळणीवर हाताने उचललेला जुना कागद. चिंध्यांपासून केलेला असल्यामुळे तो आपल्या लहानपणच्या वह्यांपेक्षा कितीतरी टिकाऊ निघतो. रेघा नसलेला एकसंध कागद युरोपात १७५०च्या दशकात आला. तेव्हा या जाळीवरून निदान एवढं कळतं, की कागद त्या जुन्या पद्धतीचा आहे. मात्र एवढ्यावर उड्या मारू नका. या ग्रंथाची लंडनमध्ये १७३३पासून इंग्रजी आवृत्ती निघाली, तिच्यासाठी चित्रं नव्याने कोरली गेली. पॅरिसमध्ये १७४१ साली दोन पाद्र्यांनी मजकूर आपल्या सोयीने फिरवून निराळी आवृत्ती काढली. नंतरही निघत राहिल्या. तुमच्यावर फ्रेंच मजकूर आहे म्हणजे लंडनचं नाही, इतकंच.

गंमत म्हणजे खऱ्याखोट्याच्या या खेळात पिकार स्वतःच पटाईत होता. जुन्या चित्रकारांचंच काम चांगलं, आजकालच्या कोरणाऱ्यांना काही येत नाही, असं नाक मुरडणाऱ्या जाणकारांचा त्याला राग होता. म्हणून त्याने जुन्या उस्तादांच्या ढंगात चित्रं कोरून त्यांना चकवलं. त्याच्या मृत्यूनंतर १७३४ साली ती पुस्तकरूपाने निघाली. नावाचा अर्थ 'निष्पाप लबाड्या'. माझ्याकडे आत्मविश्वासाने 'हे पाहा, अस्सल' म्हणत कुणी आलं की मला हमखास ते शीर्षक आठवतं.

झाडावरचा हिरवा आणि साधूंच्या अंगावरचा भगवा मात्र पिकारचा नाही. हा ग्रंथ सर्वसाधारणपणे काळ्या शाईतच विकला जाई. तुमच्यावरचे जलरंग रेघांच्या बाहेर वाहिलेत आणि भगवा फारच ताजा आहे. दिवाणखान्यात शोभावं म्हणून विसाव्या शतकात कुणीतरी केलेलं ते काम वाटतं. आणि मूळ चित्रातले हे तपस्वी दिगंबर आहेत, तुमच्या रंगाऱ्याने त्यांना छाट्या नेसवल्यात. त्याचा संकोच समजू शकतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो : ही टिंगल आहे का?

पिकार भारतात कधीच आला नाही. युरोपाबाहेर त्याने पाऊल टाकलं नाही. हे झाड त्याने उचललं ते झां बाप्तिस्त ताव्हेर्निएच्या प्रवासवर्णनातून. आपल्याकडे त्याला टॅव्हर्नियर म्हणतात. हिऱ्यांचा हा व्यापारी गोवळकोंड्याच्या खाणींपर्यंत जाऊन आला होता, चौदाव्या लुईला निळा हिरा विकणारा तो हाच. त्याचं पुस्तक पॅरिसला १६७६ साली निघालं, तेही त्याने स्वतः बसून लिहिलेलं नव्हे. त्याच्या टिपणांवरून आणि बोलण्यावरून शाप्युझो नावाच्या लेखकाने ते शब्दांत उतरवलं. त्या पुस्तकात सुरतेजवळच्या एका मोठ्या वडाचं चित्र आहे, तेही आकडे घातलेलं, आणि एकेका आकड्याचं स्पष्टीकरण मजकुरात आहे. म्हणजे हिशेब करा. पाहिलं ताव्हेर्निएने, लिहिलं शाप्युझोने, त्या मजकुराला चित्र जोडलं गेलं पॅरिसमध्ये, आणि पन्नासएक वर्षांनी ॲम्स्टरडॅममध्ये पिकारने ते नव्याने रचून तांब्यावर घेतलं. इतक्या हातांतून गेल्यावर वडाचा वड राहिला हेच पुष्कळ.

अगदी वड राहिलाय असंही नाही. पारंब्या पाहा. वडाच्या पारंब्या आधी दाढीसारख्या लोंबतात, जमिनीला टेकल्या की खांब होतात. चित्रात त्या चर्चच्या खांबांसारख्या नेटक्या उतरल्यात. ज्याने आयुष्यात लिंडनची आणि ओकची झाडं पाहिली त्याला 'फांदीतून मूळ खाली येतं' हे वाक्य वाचून जे सुचेल, ते हे. या झाडाचं 'बनियन' हे युरोपीय नावही झाडाचं नाहीच, त्याच्या सावलीत बसणाऱ्या वाण्यांचं आहे.

शरीरंही तशीच. उपास करून करून खंगलेल्या माणसांचे दंड आणि पोटऱ्या ग्रीक पुतळ्यांसारख्या कशा? पॅरिसच्या तालमीत घडलेल्या हाताला नागडं शरीर म्हटलं की प्लास्टरचा पुतळाच आठवे. बुंध्यापाशी जी देवता आहे, जिला ताव्हेर्निए 'मामानिवा' म्हणतो, ती आपल्या कुठल्याही देवीसारखी दिसत नाही. शीर्षकातले शब्दही बाहेरचे. 'पागोद' हा पोर्तुगीजांनी रुळवलेला शब्द, देवळालाही तोच आणि दक्षिणेतल्या सोन्याच्या नाण्यालाही तोच. आपण ज्याला होन म्हणतो, त्याला ते पगोडा म्हणत. 'फकीर' अरबी. पण त्यावरून ताव्हेर्निएला मुसलमान-हिंदू कळत नव्हते असं समजू नका. हिंदुस्थानात आठ लाख मुसलमान फकीर आणि बारा लाख हिंदू फकीर असल्याचा अंदाज तो वेगवेगळा देतो. आकडे कितपत खरे ते सोडा, फरक त्याला माहीत होता. मुघली अमलातल्या बोलीत भिक्षेवर जगणाऱ्या विरक्ताला जो शब्द सर्रास चाले, तो त्याने उचलला.

इथवर तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं थोडंफार बरोबर ठरतं. पण आता सात नंबरचा माणूस पाहा.

त्याच्याबद्दल ताव्हेर्निए लिहितो, की हा वर्षानुवर्षं आडवा झालेला नाही. झोप अनावर झाली की फांदीला बांधलेल्या दुहेरी दोरावर छातीचा भार टाकून रेलतो. सतत असं राहिल्याने पायांत पाणी उतरून ते भयंकर सुजतात. कित्येक वर्षं मी हे चित्र पाहत होतो आणि सात नंबर म्हणजे कोरणाऱ्याची अतिशयोक्ती असं धरून चाललो होतो. २०१५च्या सिंहस्थात नाशिकला गेलो. साधुग्राममध्ये एका मंडपात खडेश्वरी बाबा उभे होते. बारा वर्षं न बसण्याचं व्रत, त्यातलं नववं वर्ष चालू असल्याचं शेजारचा चेला सांगत होता. समोर वरून दोन दोर सोडलेले, त्यांना कापडाने गुंडाळलेली फळी बांधलेली, आणि बाबा त्या झुल्यावर कोपर टेकून डुलक्या घेत होते. पावलं हत्तीरोग झाल्यासारखी. मी तिथे उभ्या उभ्या मनात सात नंबर म्हणालो. दोराला फळी आली, एवढाच साडेतीनशे वर्षांतला फरक.

मग बाकीचेही ओळखू येऊ लागतात. आठ आणि नऊ नंबर, ज्यांचे वर धरलेले हात सांध्यांत आखडून गेलेत आणि नखं बोटांएवढी वाढलीत, ते ऊर्ध्वबाहू. त्यांना डास हाकलता येत नाहीत आणि घास दुसऱ्या साधूंनी भरवावा लागतो, हेसुद्धा ताव्हेर्निएने टिपलंय. दहावा एका पायावर उभा, हातातल्या शेगडीत धूप घालतोय आणि नजर सूर्यावर. सहाव्या आकड्याशी एक खोपी आहे, उजेडाला एकच भोक. आत एक जण नऊ-दहा दिवस अन्नपाण्याशिवाय बसतो म्हणे. ताव्हेर्निए व्यापारी माणूस, ऐकीव गोष्टीवर हिरा घेणारा नव्हे. तो डच कंपनीच्या सुरतेतल्या प्रमुखाबरोबर स्वतः पाहायला गेला. प्रमुखाने रात्रंदिवस पाळतीवर माणूस ठेवला, की कुणी लपून खायला आणून देतं का. काही सापडलं नाही. शिंप्यासारखी मांडी घालून बसलेला तो तपस्वी जागचा हलला नाही. मात्र आतल्या दिव्याच्या उष्म्याने गुदमरून दहाऐवजी सातव्या दिवशी त्याला उठावं लागलं. मला हा 'सातव्या दिवशी' फार मोलाचा वाटतो. टिंगल करणारा अख्खं ढोंग म्हणून मोकळा झाला असता, भाबड्याने दहा दिवस पूर्ण करून दिले असते.

म्हणजे या एकाच कागदात दोन थर आहेत. काय केलं जात होतं, याची माहिती बरीचशी पक्की आहे. ते दिसत कसं होतं, हे जवळपास सगळं युरोपातलं आहे. खोटेपणा म्हणायचाच तर तो आणखी एका जागी आहे, आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ही सगळी तपं एका वेळी, एका झाडाखाली, मांडून ठेवल्यासारखी चाललेली दाखवलीत. वेगवेगळ्या दिवशी पाहिलेल्या गोष्टी एका चौकटीत कोंबल्या, की रोजचं जग जत्रेसारखं वाटू लागतं. युरोपातल्या घरी बसून पाहणाऱ्याला वाटणार, हिंदुस्थानात प्रत्येक झाडाखाली हेच चालतं. हे चित्र पुढे नकलेवर नक्कल होत राहिलं, आणि 'दोरीवरचा फकीर' ही भारताची ओळख होऊन बसली. नुकसान झालं ते तिथे.

पिकार डोळ्यांनी पाहून काय करू शकत होता, याचा दाखला त्याच ग्रंथात आहे. ॲम्स्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यूंच्या घरातलं वल्हांडणाचं (पासओव्हर सणाचं) जेवण त्याने १७२५च्या सुमारास काढलं. मेज, पुस्तकं, माणसांचे चेहरे, घरातली माणसं जशी बसतात तशी बसलेली. तिथे कुणी तमाशातलं पात्र वाटत नाही. याउलट विष्णूच्या अवतारांसाठी त्याने रोमला बसून पुस्तकं लिहिणाऱ्या किर्शर नावाच्या जेझुइटाच्या (कॅथलिक धर्मगुरूच्या) १६६७च्या ग्रंथातली चित्रं घेतली. शेजारी राहणाऱ्याला माणूस म्हणून काढलं आणि लांबच्याला पुस्तकातून. हे वाचताना आपल्याकडचीही काही उदाहरणं आठवावीत, पण ते असो.

आणखी एक. हा ग्रंथ काढणाऱ्या दोघांना फ्रान्स सोडावं लागलं होतं ते कॅथलिक सत्तेमुळे. त्यांनी पोपचे विधी, ज्यूंचे सण, ब्राह्मणांची पूजा, प्रॉटेस्टंटांच्या प्रार्थना एकाच आकाराच्या पानांवर, एकाच हाताने, एकाच कागदावर छापल्या. अंगावर चाबूक ओढून घेणारे कॅथलिक पाहिलेल्या वाचकाने वडाखालचे हे तपस्वी पाहिले, की तुलना आपोआप होणार. ती व्हावी अशीच मांडणी होती. टोला बसला असेल तर रोमला बसला. म्हणून विक्रेत्यांच्या 'ओरिएंटलिस्ट' या चिठ्ठीवर मी फारसा विसंबत नाही. हमामातल्या बायका, गारुडी, उंट आणि फकीर सगळे तिच्यात बसतात. एकोणिसाव्या शतकातले साम्राज्याच्या मागून आलेले चित्रकार आणि १७२०च्या दशकातला हा पळून आलेला पिकार एका पिशवीत घालू नयेत. त्या वेळी फ्रान्सची भारतात पाँडिचेरीसारखी मोजकी ठाणी होती, आणि पिकारला तर फ्रान्सही उरलं नव्हतं.

पैशांबद्दल. लाखो विसरा. ग्रंथ लोकप्रिय होता, आवृत्त्या अनेक, फोडलेली पानं भरपूर. त्यात तुमच्या पानाचा समास कापलेला, घडीवर पट्टी, वर नंतरचे रंग. बाजाराच्या दृष्टीने हे तिन्ही दोष. आजोबांची आठवण म्हणून त्याची किंमत वेगळी, ती तुम्ही ठरवा.

बहिणीला सांगा, बॅगेत घालून नेऊ नको. १९७२च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू धरली जाते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. मूळची ती बाहेरूनच आलेली, या सबबीवर विमानतळावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. वय निश्चित करून घ्यायचं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवावं लागेल.

भिंतीवर जरूर लावा, पण कुठल्याही भिंतीवर नको. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरच्या अंगाची भिंत टाळा, समोर ऊन येणारी टाळा. काच कागदाला चिकटू देऊ नका, मधे आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट हवी. मागचा पुठ्ठाही तसाच. साधा पुठ्ठा काही वर्षांत तपकिरी होतो आणि तो रंग चित्रात उतरवतो. फेव्हिकॉल नाही, दुहेरी टेपही नाही. गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि वरच्या कडेला जपानी कागदाचे दोन छोटे बिजागर, त्यावर चित्र लोंबत ठेवायचं, म्हणजे हवेतल्या दमटपणाप्रमाणे त्याला हलता येतं. सध्या जी कसर दिसतेय (चौथ्या फोटोत डावीकडच्या देवळाजवळ कागद खरवडल्यासारखा झालाय, ते तिचंच काम), तिच्यासाठी डांबराच्या गोळ्या चित्राला टेकवून ठेवू नका. ट्रंकेतून काढून सपाट फायलीत, कोरड्या कपाटात ठेवलंत तरी पुष्कळ.

रंग उतरवावेत का, हे मी आज सांगणार नाही. जलरंग पाण्याने सुटतात, पण पट्टीचा गोंद काढायला जे वापरावं लागेल त्याने ते वाहूही शकतात, तेव्हा आधी कुठे काय लावलंय ते कळायला हवं. त्यासाठी खालच्या डाव्या कोपऱ्याचा एक फोटो पाठवा, उजेड एका बाजूने पडेल असा. नावापुढे एक लॅटिन शब्द असेल. 'स्कुल्प्सिट' असेल तर कोरणारा तो स्वतः. 'डिरेक्सिट' असेल तर पिकारच्या देखरेखीखाली त्याच्या कारखान्यातल्या दुसऱ्या कुणीतरी कोरलेलं. तुमच्या फोटोत तो शब्द नेमका चहाच्या डागाखाली आलाय.